बसता येत असेल तर

दिवसाला शंभर मैल सायकल मारणारा तो मुलगा दारासमोरच्या टपालपेटीपर्यंत चालत जायला तयार नसे. पेटी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. जाता-येता कोणीही टपाल घेऊन येतं. त्याला सांगितलं की म्हणायचा, "नको काकू. पाय." नुसतं "पाय". जणू ते पाय त्याचे नव्हतेच, कुणीतरी विश्वासाने सांभाळायला दिले होते आणि मी ते खराब करायला निघाले होते.

त्याचा एक नियम होता. बसता येत असेल तर उभं राहू नये. आडवं होता येत असेल तर बसू नये. आणि जिना दिसला की दुसरी वाट शोधावी. सायकलच्या शर्यतीत उतरणाऱ्यांचा हा जुना नियम आहे, असं तो मला फार गंभीरपणे सांगायचा. मी म्हटलं, आमच्या गावात हा नियम पाळणारे पुष्कळ होते, त्यांना कोणी सायकल दिली नाही एवढंच.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला घर घेऊन आम्हाला थोडीच वर्षं झाली होती. ह्यांच्या ऑफिसातला एक साहेब सायकलच्या क्लबात होता. क्लबाच्या टीममध्ये बाहेरून पोरं यायची, त्यांना हॉटेलात ठेवणं परवडायचं नाही, म्हणून कुणाकुणाच्या घरी ठेवायचे. आमचं तळघर रिकामं आहे हे ह्यांनीच कधीतरी सांगितलं असणार. ह्यांना 'नाही' म्हणता येत नाही. मला म्हणता येतं, पण मला कोणी विचारत नाही. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी एक सायकल, दोन पिशव्या आणि खांद्यावर जानव्यासारखे आडवे अडकवलेले टायर घेऊन वीस वर्षांचा एक काटकुळा पोरगा दारात येऊन उभा राहिला. तेवढाच काय तो उभा राहिला. "दोन आठवड्यांचा प्रश्न आहे," हे म्हणाले. तो सप्टेंबरच्या शेवटी गेला.

तो वेल्सचा होता. मला वेल्स ठाऊक नव्हतं, मी त्याला इंग्रज म्हटलं. त्याच्या तोंडातला घास तिथेच थांबला. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. मी मुलीला म्हटलं, "मला दुकानात रोज कोणीतरी मेक्सिकन समजतं, मी घास अडकवून बसते का?" मुलगी तेव्हा पंधराची, आमच्या दोघांतली दुभाषी. तिने ते त्याला सांगितलं की नाही कोण जाणे. तो रविवारी आपल्या आजीला फोन करायचा तेव्हा मात्र माझी खात्री पटली. ती भाषा इंग्रजी नव्हती. आजी तिकडून ओरडत असायची आणि हा इकडून "हो, हो, जेवलो" अशा सुरात काहीतरी म्हणत असायचा. शब्द कळले नाहीत तरी तेवढं कोणालाही कळतं. त्याचं इंग्रजीही असं गाण्यासारखं वरखाली जायचं की शेजाऱ्यांना दोनदा विचारावं लागे. माझं इंग्रजी कोणालाच कळत नसे. त्यामुळे आमचं दोघांचं बरं चालायचं.

मुलीने त्याला 'काकू' शिकवलं, ते त्याने उचललं. बाकी काही शिकायला तो तयार नव्हता. शिकवायला मात्र तयार.

पोळी त्याला आवडायची, पण पावाचं आतलं मऊ खाऊ नये, फक्त कडक साल खावी, असं कुठल्यातरी म्हाताऱ्या शर्यतवाल्याने त्याच्या डोक्यात भरवलं होतं. माझ्या पोळीला पदर सुटतात, चार बायका त्याचं कौतुक करतात. हा ताटात पोळी उलगडून आतलं मऊ कुठे आहे ते शोधत बसायचा. मी म्हटलं, "अरे, तिच्यात आत काही नसतं. जे आहे ते हेच." ते त्याला पटायला आठवडा लागला. मग एका बैठकीला इतक्या खायचा की कणकेची पोती आणायला हे दर पंधरा दिवसांनी बॉस्टनला जायला लागले.

वाऱ्याचं त्याला भारी भय. जुलैत इथे उकडून जीव जातो. मी चुलीपाशी पोळ्या लाटतेय, पंखा चालू आहे, आणि हा घामाने निथळत आत येऊन पहिलं काय करायचा तर पंखा बंद. घामावर वारा लागला की पायात धरतं म्हणे. मी पंखा लावायची, तो बंद करायचा. माझी आजी असंच म्हणायची, पण ती नव्वदीची होती.

पायांवरचे केस काढायचा. आमच्या मुलीच्या रेझरने. न्हाणीघराचं बेसिन तुंबलं तेव्हा ते कळलं. "आई, ही इज सो ग्रोस," असं म्हणून मुलीने आठवडाभर त्याच्या वाटचं भाषांतर बंद ठेवलं. ह्यांना मी सांगितलं, त्याला बोला. हे तळघरात गेले, अर्ध्या तासाने वर आले आणि मला म्हणाले, "अगं, पडल्यावर जखम धुवायला सोपं जातं. लॉजिकल आहे." बोलायला गेलेला माणूस शिकून आला.

एकदा वूस्टरच्या एक डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडे आल्या होत्या. साडी बिडी नेसून, हातात फुलं. दार उघडून मी त्यांना दिवाणखान्यात आणलं, तर हा गालिच्यावर उताणा, दोन्ही पाय भिंतीला टेकवून वर केलेले, बिनकेसांचे, कुठलंसं तेल चोपडलेले, घरभर बामाचा वास. उठावं की नाही? जमिनीवरूनच मान वळवून म्हणाला, "हेलो." बाईंनी मला हळूच विचारलं, "हे कोण?" मी म्हटलं, "भाडेकरू." एक पैसा भाडं देत नव्हता. पण दुसरं काय सांगणार?

तळघरात माझ्या लोणच्याच्या बरण्या असत. त्यांच्या वर त्याने दोरी बांधून टायर लटकवले होते. शर्यतीचे टायर म्हणे नवे वापरायचे नाहीत, काळोखात टांगून मुरू द्यायचे, रबर कडक झालं की काट्याकाचेला दाद देत नाही. ऊन लागलं की संपले. हे एक मात्र मला लगेच समजलं. आपलं लोणचंही आज घातलं आणि उद्या वाढलं असं करत नाहीत. त्यालाही माझ्या बरण्यांबद्दल आदर होता, वाकून बघायचा. पण त्याच तळघरात राहत असून, दिवसातून तीनदा जेवायला वर येत असून, येताना एक बरणी आणायचा का? नाही. "वजन, काकू. जिन्यावर." गुडघे माझे दुखत होते.

आता कोणी म्हणेल, एवढा वैताग होता तर काढलं का नाहीस. एक कारण होतं. त्याचे वडील कोळशाच्या खाणीत होते. संप झाला, मोडला, पाठोपाठ खाण बंद झाली. घरी पाच तोंडं. मामाचं खाटकाचं दुकान होतं, तिथे त्याला उभं करायचं ठरलं होतं. वडिलांनी त्याला एक उन्हाळा दिला होता. तिकडच्या निवडीत त्याचं नाव आलं नव्हतं, म्हणून तो अमेरिकेत आला होता. उन्हाळा संपायच्या आत युरोपातल्या एखाद्या पगारी टीमने घेतलं तर सायकल, नाहीतर दुकान. हे त्याने आल्यावर पहिल्याच आठवड्यात सांगितलं, तोंडात घास घेऊन, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. खाटकाचं दुकान म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला. पण माझ्या काट्याचं काय! तो म्हणाला, "काकू, तिथे दिवसभर उभं राहावं लागतं." त्याची अडचण ही.

शेंगदाण्याचे लाडू माझ्यामुळे सुरू झाले. मे महिन्यात एका शर्यतीत भूक लागून त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो शेवटून कितवा तरी आला. कागदात गुंडाळलेला गोड लगदा खात होता, तो उन्हात वितळून खिशाला चिकटला. मी म्हटलं, एकादशीला आम्ही दिवस दिवस दाणे आणि गुळावर काढतो, हे ने. शर्टाला मागे खिसे असत, त्यांत चांदीच्या कागदात बांधून दिले. पुढच्या रविवारी तिसरा आला. झालं. त्यानंतर लाडवांशिवाय शर्यत नाही. मग टीममधल्या सगळ्यांना हवे झाले. शनिवार आला की मी दाणे भाजत बसायची आणि सहाजणांचे लाडू वळायची. त्यांचा कप्तान, पंचविशीचा उंच अमेरिकन, एकदा स्वतः मागायला आला. येताना हातात फुलं घेऊन आला आणि जाताना तळघरातली बरणीही वर आणून दिली. मी आमच्या पोराला म्हटलं, "बघ." तो म्हणाला, "तो कप्तान आहे. त्याने असं करायला नको होतं. पाय." आणि त्या कप्तानावर खरंच चिडला.

सप्टेंबरात शेवटची मोठी शर्यत आमच्याच भागात होती. बेल्जियमहून एका टीमचा माणूस येणार होता. त्याच्याकडे एकच जागा होती, आणि क्लबाने त्याला दोन नावं कळवली होती, कप्तानाचं आणि ह्याचं. त्या आठवड्यात तर तो जमिनीवर पाऊलच टेकवेना. जेवण खाली मागितलं. मी नेऊन दिलं नाही. मुलीने दिलं.

शर्यतीचा रस्ता एका तळ्याला वळसा घालून टेकडीवर चढत होता, आणि त्याच त्याच रस्त्याच्या फेऱ्या होत्या. आम्ही तिघं टेकडीच्या माथ्यावर खुर्च्या टाकून बसलो. पहिल्या काही फेऱ्यांत सगळे घोळक्याने यायचे, कोण कुठला कळायचं नाही. मग पाच-सहाजण सुटून पुढे आले, त्यात आमचे दोघे, हा पुढे आणि कप्तान त्याच्या पाठीशी. मी ह्यांना विचारलं, "हा त्याच्यापुढे आहे, मग हा जिंकणार ना?" हे म्हणाले, "तसं नसतं गं. पुढचा वारा कापतो, मागच्याला सोपं जातं." म्हणजे ह्याने वारा खायचा. पंखा बंद करणाऱ्याने.

पुढच्या फेरीला कप्तान आला. बाकीचे आले. हा आला नाही. मागचा घोळका गेला, टीमची गाडी गेली, तरी नाही. मुलगी म्हणाली, "आई, पडला असेल." आम्ही टेकडी उतरायला लागलो. माझे गुडघे, तो उतार, आणि सगळी वाट डोळ्यांसमोर रक्त.

पायथ्याला तो एका झाडाखाली गवतात बसला होता. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. शेजारी सायकल उलटी ठेवलेली, तिला पुढचं चाक नाही, आणि एक हवा गेलेलं चाक त्याच्या मांडीवर. लाडू खात होता.

"पडलास?" मी विचारलं.

"नाही काकू."

"मग चाक?"

"कप्तानाचं पंक्चर झालं. माझं दिलं."

मला वाटलं मला इंग्रजी कळलं नाही. मी मुलीकडे बघितलं. तिने मराठीत सांगितलं, तेच.

"त्याने मागितलं?"

"मागावं लागत नाही."

"आणि ती गाडी? चाकं असतात ना तिच्यात?"

"गाडी घोळक्याच्या मागे होती. ती येईपर्यंत थांबला असता तर तो संपला असता."

"अरे, पण नंतर आली ना. तुला का नाही दिलं?"

"थांबत होती. मीच हात केला, पुढे जा म्हणून. पुढे आमच्यातला तो एकटाच होता, त्याला लागली असती."

मी तिथे रस्त्यात उभी राहून त्याला मराठीत जे बोलले त्याचं मुलीने भाषांतर केलं नाही. बेल्जियमचा माणूस कोणाला बघायला आला होता? दोघांना. जागा किती? एक. शेवटी माझ्या इंग्रजीतच विचारलं, तुझं पंक्चर झालं असतं तर कप्तानाने चाक दिलं असतं का? यावर तो हसला. "नाही. दिलं असतं तर तो मूर्ख."

"आणि तू कोण?"

"माझं काम ते आहे, काकू. तो जिंकू शकतो. मी जिंकवू शकतो." मग ह्यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, गाडी इथपर्यंत आणता? टेकडी चढायला नको."

कप्तान त्या चाकावर जिंकला. बेल्जियमच्या माणसाने त्याला जागा दिली. आमच्या पोराशीही त्या बेल्जियमवाल्याने हात मिळवला आणि म्हणाला म्हणे, "चांगलं चाक होतं."

घरी येऊन सगळे जेवायला बसले तरी माझं तोंड चालूच होतं. मी चुलीपाशी, पोळ्या लाटतेय, भाजतेय, ताटात टाकतेय आणि बोलतेय. स्वतःचं घर जळतंय आणि हा दुसऱ्याला पाण्याची बादली देतो. आईबापांनी एक उन्हाळा दिला, तो ह्याने दुसऱ्याच्या सायकलला लावला. बैलसुद्धा एवढं करत नाही, बैलाला निदान वैरण मिळते. मुलीला म्हटलं, सांग त्याला, एकूण एक सांग. तिने सांगितलं असावं, कारण तो खाता खाता थांबला. मान वर करून त्याने मला विचारलं, "काकू, तुम्ही जेवता कधी?"

"तुमचं झाल्यावर. का?"

"मी एप्रिलपासून इथे आहे. तुम्हाला बसून गरम पोळी खाताना मी एकदाही पाहिलं नाही." मग मुलीला म्हणाला, "काकूंना सांग, त्या आणि मी एकाच टीममध्ये आहोत."

मुलीने ते मोठ्या खुशीत सांगितलं. ह्यांनी ताटात बघितलं. माझी तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, "घर आणि शर्यत एक नव्हे," आणि करपलेली माझ्यासाठी बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशीही मी शेवटीच जेवले. कोणी काही बोललं म्हणून सवय मोडत नाही, आणि त्याने तरी कुठे उठून मला पोळी वाढली? तो बसूनच होता.

महिनाअखेर तो गेला. त्याचं सामान ह्यांनी गाडीत ठेवलं. टायर मात्र त्याने दोरीवरच ठेवले. "अजून दोन वर्षं लागतील, काकू. उन्हात काढू नका." खाटकाच्या दुकानात कसले टायर घालणार आहेस, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण निघताना कशाला, म्हणून लाडवांचा डबा हातात दिला. डबा त्याने मांडीवर घेतला, गाडीत बसल्यावर.

सगळा हिवाळा तो दुकानात उभा होता. मार्चमध्ये फोन आला, बेल्जियमहून. कप्तानाचं तिकडे काही धड चाललं नव्हतं. सगळे जिंकायला आलेले, वारा कोणी खाईना. शेवटी त्याने त्या माणसाला सांगितलं, मला तो वेल्सचा आणून द्या. म्हणून ह्याला बोलावलं होतं.

"म्हणजे पुन्हा चाकं द्यायला?" मी विचारलं.

"आणि पाणी आणायला," तो म्हणाला. मोठी बढती झाल्यासारखा आनंद झाला होता त्याला. मग लाडवांत गूळ किती घालायचा ते विचारलं. तिकडे गूळ मिळत नाही म्हटल्यावर मी काय करणार होते?

बरीच वर्षं तो तिकडे सायकल चालवत होता. एकही शर्यत जिंकला नाही. मी दर दिवाळीला फोनवर विचारायची, "जिंकलास का?" आणि तो दर दिवाळीला म्हणायचा, "आम्ही जिंकलो." मला त्या उत्तराचा अजून राग येतो. त्याने ते चाक द्यायला नको होतं, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. ते टायर अजून तळघरात लटकताहेत. दोन वर्षं कधीच होऊन गेली. उन्हात काढलेले नाहीत.

एकदा मात्र तो आम्हाला दिसला. फ्रान्समध्ये जुलैत मोठी शर्यत असते, ती इथे शनिवार-रविवारी थोडी थोडी टीव्हीवर दाखवायला लागले होते. आम्ही तिघं जेवायला बसलो होतो, म्हणजे ते दोघं बसले होते, ताटं टीव्हीसमोर घेऊन. मुलगी ओरडली म्हणून मी हात पुसत आले आणि कोचावर टेकले. घोळक्याच्या मागून एकजण वर येत होता. शर्टात पाण्याच्या बाटल्या कोंबलेल्या, पुढे पोटाशी, मागे पाठीवर, मानेपाशीसुद्धा एक, बाजारातून आलेल्या हमालासारखा. मान एका बाजूला कललेली. तीच मान. जिन्यावर बरणी जड होत होती ना रे तुला, माझ्या मनात आलं. तो एकेकाच्या शेजारी जायचा, बाटली काढून द्यायचा, पुढच्याकडे जायचा. कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हतं. नुसता हात मागे करायचे आणि बाटली हातात यायची.

हेही टक लावून बघत होते. "वा," म्हणाले, "काय राबतोय बघ पोरगा." मग डोळे टीव्हीवरच ठेवून, रोजच्यासारखाच हात बाजूला करून म्हणाले, "अगं, पाणी आण गं जरा."

मी त्या हाताकडे बघितलं.

"तुम्ही आणा," मी म्हटलं. "आणि येताना माझंही ताट वाढून आणा. बसता येत असेल तर मी उभी राहत नाही."